आकाशातील खानेसुमारी



खानेसुमारीच्या कामावर गेलेल्या शिक्षकाला एक प्रश्न हमखास पडतो. एका वाड्यात पंधरा माणसे राहतात. दार एक, अंगण एक, आडनावही एकच. ही मंडळी एक कुटुंब मानावयाची की तीन? खानेसुमारीच्या सूचनांनी यावर एक साधा निकष घालून दिलेला आहे. सामान्यतः एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरात जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब. दारे मोजावयाची नाहीत, चुली मोजावयाच्या. हा निकष नसता तर एकाच गावाची दोन प्रगणकांनी केलेली मोजणी परस्परांशी कधीच जुळली नसती.

आकाशाची मोजदाद करणाऱ्या शास्त्रज्ञांपुढे नेमका हाच प्रश्न गेली सत्तर वर्षे उभा आहे. फरक इतकाच की, त्यांना चुलीपाशी जाऊन पाहता येत नाही. अंधारात दुरून लुकलुकणाऱ्या दिव्यांवरून कोणते दिवे एका घरचे हे त्यांना ठरवावे लागते.

ज्या आकाशगंगेत आपला सूर्य आहे तिच्यात दहा हजार कोटींहून अधिक तारे आहेत. अशा ताऱ्यांच्या अवाढव्य वसाहतीस दीर्घिका म्हणतात. विश्वात दीर्घिका एकाकी फारशा राहत नाहीत. काही ठिकाणी त्या शेकड्यांनी, क्वचित हजारांनी, परस्परांच्या गुरुत्वाकर्षणाने बांधल्या जाऊन एकत्र नांदतात. हे दीर्घिकासमूह होत. कन्या राशीच्या दिशेचा समूह आपल्यापासून सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. अरुंधती-केश या तारकापुंजाच्या दिशेचा, एक हजारांहून अधिक सदस्य असलेला समूह सुमारे बत्तीस कोटी प्रकाशवर्षांवर आहे. प्रकाश एका वर्षात सुमारे साडेनऊ लक्ष कोटी किलोमीटर जातो हे ध्यानात घेतले म्हणजे या अंतरांची थोडीफार कल्पना यावी.

हे समूह मोजावयाचे कशासाठी, असे कोणी विचारील, आणि तो प्रश्न गैर नाही. गुरुत्वाकर्षणाने बांधल्या गेलेल्या विश्वातील सर्वांत मोठ्या वस्तू म्हणजे हे समूह होत. जेथे द्रव्याचा सर्वांत मोठा ढीग जमला तेथेच ते घडले. विश्वात एकूण द्रव्य किती, ते किती असमान वाटले गेले आणि विश्वाचे प्रसरण त्याला एकत्र येऊ देत होते की पांगवीत होते, या तिन्ही गोष्टींवर कोणत्या काळात किती समूह असावेत हे अवलंबून असते. म्हणून समूहांची संख्या मोजणे म्हणजे एका अर्थाने विश्वाचे वजन करणे होय. या वजनाचा पहिला धक्का १९३३ मध्ये बसला. कॅलिफोर्नियात काम करणारे स्विस शास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी अरुंधती-केश समूहातील दीर्घिकांचे वेग पाहिले. ते इतके मोठे होते की, दिसणाऱ्या द्रव्याचे गुरुत्वाकर्षण त्यांना धरून ठेवण्यास मुळीच पुरेसे नव्हते. समूह तर विस्कटलेला नव्हता. तेव्हा न दिसणारे द्रव्य तेथे पुष्कळ असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यांच्या म्हणण्याकडे पुढे कित्येक वर्षे फारसे कोणी लक्ष दिले नाही. आज मात्र समूहाच्या वस्तुमानाचा चार पंचमांशाहून अधिक भाग अशा कृष्णद्रव्याचा असतो, हे सर्वमान्य आहे.

समूहांची पहिली पद्धतशीर यादी होण्यास आधी सबंध आकाशाची पाहणी व्हावी लागली. अमेरिकेतील पॅलोमार पर्वतावर ४८ इंची श्मिट दुर्बीण आहे. नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीच्या अर्थसाहाय्याने १९४९ पासून या दुर्बिणीने आकाशाची छायाचित्रे घेण्याचे काम सुरू झाले आणि ते जवळजवळ दहा वर्षे चालले. छायाचित्रे काचेच्या पट्ट्यांवर घेतली जात. प्रत्येक पट्टी चौदा इंच चौरस, आणि तिच्यावर आकाशाचा एवढा तुकडा उमटे की, त्याच्या रुंदीत तेरा पूर्णचंद्र शेजारी शेजारी मावतील. प्रत्येक तुकड्याचे एक छायाचित्र निळ्या प्रकाशात व एक तांबड्या प्रकाशात घेण्यात आले. अशा शेकडो जोड्या जमल्या. हे छायाचित्रण ज्यांनी केले त्यांच्यात जॉर्ज एबेल हा तरुण विद्यार्थी होता. याच पट्ट्या भिंगाखाली ठेवून दीर्घिकांची गर्दी शोधावयाची आणि त्यावर प्रबंध लिहावयाचा, असे त्याने ठरविले.

एबेल यांची थोरवी त्यांच्या डोळ्यांच्या चिकाटीत आहेच. पण त्याहूनही ती त्यांनी आधी नियम लिहून ठेवला यात आहे. गर्दी दिसली की नोंद केली, असे त्यांनी केले नाही. समूहात तेजस्वितेच्या क्रमाने जी तिसरी दीर्घिका असेल तिच्यापासून दोन प्रतींच्या आतील दीर्घिका मोजावयाच्या. पहिली न घेता तिसरी का? तर सर्वांत तेजस्वी दिसणारी दीर्घिका कदाचित त्या समूहाची नसेलच, मध्येच जवळ कोठे तरी असलेली परकी असेल. तिसरीपर्यंत अशी फसगत होण्याचा संभव बराच कमी. दुसरा नियम अंतराचा. या दीर्घिका ठराविक त्रिज्येच्या वर्तुळात असल्या पाहिजेत, आणि ही त्रिज्या आकाशातील अंशांत नव्हे तर खऱ्या लांबीत, आजच्या हिशेबाने सुमारे सत्तर लक्ष प्रकाशवर्षे, धरावयाची. साहजिकच दूरच्या समूहासाठी काचेवरील वर्तुळ लहान होते. तिसरा नियम असा की, आजूबाजूच्या मोकळ्या आकाशात जेवढ्या दीर्घिका सहजच आढळतात तेवढ्या वजा करून उरलेल्यांची संख्या निदान पन्नास भरली पाहिजे. अंतराचा अंदाज दहाव्या क्रमांकाच्या दीर्घिकेच्या तेजावरून करावयाचा.

१९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या यादीत २,७१२ समूह आहेत. त्यांपैकी सर्व नियमांना पुरेपूर उतरणारे १,६८२. उरलेल्यांची नोंद उपयोगी पडेल म्हणून ठेवली, परंतु हिशेबात धरू नये, असे स्वतः एबेल यांनीच बजावले. गंमत अशी की, आपल्या सर्वांत जवळचा मोठा समूह, कन्या राशीतला, या यादीत नाहीच! तो इतका जवळ आहे की त्याचा पसारा एका काचेत मावत नाही, आणि नियमाने फार जवळचे समूह आधीच वगळलेले होते. नियमासाठी शेजाऱ्यालाही वगळणारा प्रगणक विरळाच म्हणावा लागेल.

नियमाचे महत्त्व किती, याचे उत्तर झ्विकी यांच्याच दुसऱ्या कामात मिळते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच पॅलोमारच्या काचांवरून १९६१ ते १९६८ या काळात सहा खंडांची सूची सिद्ध केली. तीत समूहांची संख्या आहे ९,१३४. एबेल यांच्यापेक्षा आकाशाचा भाग कमी, आणि समूह तिपटीहून अधिक! दोघांपैकी कोणीही चुकलेले नव्हते. झ्विकी यांचा निकष सैल होता. आजूबाजूच्या मानाने दीर्घिकांची दाटी दुप्पट होते तेथे रेषा ओढावयाची आणि आतील सारे एका समूहाचे धरावयाचे, असा तो होता. एकाच गावाची दोन माणसांनी केलेली ही मोजणी होती. एकाने चुली मोजल्या आणि दुसऱ्याने अंगणे.

पण या दोन्ही मोजण्यांत एक मूळचाच दोष होता. छायाचित्र सपाट असते. जवळची आणि दूरची दीर्घिका काचेवर शेजारी शेजारी उमटते. डोंगरावरून रात्री खाली पाहावे तर दोन गावांचे दिवे एकाच गावाचे वाटतात, तसाच हा प्रकार. एबेल यांच्या यादीतील किती समूह असे भासमान असावेत याविषयी पुढे बराच वाद झाला, आणि एक दशांशापासून चतुर्थांशापर्यंत निरनिराळे अंदाज देण्यात आले. वजनाच्या हिशेबात एवढी तूट असेल तर विश्वाविषयीचा निष्कर्षच बदलतो. म्हणून हा वाद केवळ काटेकोरपणाचा नव्हता.

यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे प्रत्येक दीर्घिकेचे अंतर काढणे. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे दूरच्या दीर्घिकेच्या वर्णपटातील रेषा तांबड्या बाजूस सरकतात. जितके अंतर अधिक तितके हे सरकणे, म्हणजे ताम्रसृती, अधिक. ही पद्धत अचूक खरी, परंतु कष्टाची. पूर्वी एकेका दीर्घिकेचा वर्णपट घेण्यात दुर्बिणीचे तासन्‌तास जात. २००० साली न्यू मेक्सिकोतील अपाचे पॉइंट येथे स्लोन आकाशपाहणी सुरू झाली, तेव्हा यावर एक कल्पक तोड काढण्यात आली. ॲल्युमिनियमच्या तबकडीत दीर्घिकांच्या जागी भोके पाडावयाची, प्रत्येक भोकात काचतंतू बसवावयाचा आणि ६४० वर्णपट एकाच वेळी घ्यावयाचे. हे तंतू दिवसा माणसे हाताने बसवीत असत! अब्जावधी प्रकाशवर्षांचा हिशेब अखेर कोणाच्या तरी बोटांवर अवलंबून होता.

अंतरे मिळाली म्हणजे संगणकाला नियम शिकविता येतो. १९८२ मध्ये जॉन हुक्रा आणि मार्गारेट गेलर यांनी वापरलेला नियम तर शाळेतील मुलासही समजेल असा आहे. ठराविक अंतराच्या आत असलेल्या दोन दीर्घिका मित्र. मित्राचा मित्र तोही मित्र. ही साखळी जेथे तुटेल तेथे समूह संपला. सारा प्रश्न त्या ठराविक अंतराचा. ते थोडे वाढविले तर अर्धे आकाश एकाच समूहात जमा होते, आणि कमी केले तर एकाच घराची चार घरे होतात. त्यात आणखी एक अडचण आहे. समूहातील दीर्घिका सेकंदाला हजार किलोमीटरच्या आसपास वेगाने इकडेतिकडे फिरत असतात. हा वेग ताम्रसृतीत मिसळतो, आणि वस्तुतः गोलसर असलेला समूह नकाशावर पृथ्वीच्या दिशेने रोखलेल्या लांब बोटासारखा दिसतो. हे बोट आखडून पुन्हा गोल करण्याची तजवीज नियमात करावी लागते.

सगळ्या दीर्घिकांचे वर्णपट घेणे मात्र आजही शक्य नाही. तेथे रंग उपयोगी पडतो. समूहात बराच काळ राहिलेल्या बहुतेक मोठ्या दीर्घिकांमध्ये नवे तारे जन्मणे थांबलेले असते. त्यांत जुने, तांबूस तारेच उरतात, आणि म्हणून एका समूहातील अशा दीर्घिकांचा रंग आश्चर्य वाटावे इतका सारखा असतो. अंतर वाढले की तो आणखी तांबडा होतो. म्हणजे एकाच ठिकाणी, एकाच छटेच्या पुष्कळ दीर्घिका दिसल्या तर ते एक घर, आणि छटेवरून त्याचे अंतरही कळते. ग्लॅडर्स आणि यी यांनी २००० मध्ये ही युक्ती समूह शोधण्यासाठी पद्धतशीरपणे मांडली. तिच्या आधारे स्लोन पाहणीतून २०१४ मध्ये सुमारे २५ हजार समूहांची एक सूची निघाली. या सूचीचा विशेष हा की, अमुक दीर्घिका समूहाची आहे किंवा नाही असे ती म्हणत नाही; ती त्या समूहाची असण्याचा संभव किती, हे सांगते. घरी आलेला भाचा कुटुंबात धरावा की पाहुण्यांत, या प्रश्नावर खानेसुमारीतही असे उत्तर देता आले असते तर प्रगणकांचा पुष्कळ त्रास वाचला असता.

दिवे न मोजता थेट चूल पाहण्याचा मार्ग अगदी निराळ्या बाजूने सापडला. १२ डिसेंबर १९७० रोजी केनियाच्या किनाऱ्याजवळील सागरी मंचावरून एक अमेरिकी उपग्रह सोडण्यात आला. तो केनियाचा स्वातंत्र्यदिन होता, म्हणून उपग्रहास ‘उहुरू’, म्हणजे स्वाहिली भाषेत स्वातंत्र्य, असे नाव दिले. क्ष-किरण वातावरणात शोषले जातात, त्यामुळे ते पाहावयाचे तर पृथ्वीच्या वर जावेच लागते. उहुरूला असे आढळले की, मोठे दीर्घिकासमूह क्ष-किरणांनी उजळलेले आहेत. दीर्घिकांच्या मधली जागा रिकामी नसून तेथे एक कोटी ते दहा कोटी अंश तापमानाचा विरळ वायू भरलेला असतो, आणि त्याचे वस्तुमान समूहातील सर्व ताऱ्यांच्या वस्तुमानाहून कितीतरी अधिक असते. केवळ योगायोगाने एका रेषेत आलेल्या दीर्घिकांना हा वायू जमविता येत नाही. तो तापतो व टिकतो तो सामाईक गुरुत्वाकर्षणाच्या खोल खड्ड्यातच. एका चुलीचा याहून चांगला पुरावा कोणता? २०१९ मध्ये सोडलेल्या ‘ईरोसिटा’ या क्ष-किरण दुर्बिणीच्या पहिल्या पाहणीतून, अर्ध्या आकाशातील १२,२४७ समूहांची सूची २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली.

याच तप्त वायूचा दुसरा एक परिणाम रशीद सुन्यायेव आणि याकोव झेल्दोविच या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९७० च्या सुमारास कागदावर वर्तविला होता. विश्वाच्या आरंभीचा प्रकाश आज सूक्ष्मतरंगांच्या रूपाने सर्व दिशांनी येतो. तो वाटेत समूहाच्या वायूतून गेला की काही तरंगलांबींना तेथे किंचित काळोखी पडते. म्हणजे समूह दिसत नाही, त्याची सावली दिसते. ही सावली समूह दूर गेला तरी फिकी होत नाही, हे तिचे मोठेच वैशिष्ट्य. दक्षिण ध्रुवावरील दहा मीटर व्यासाच्या दुर्बिणीने या पद्धतीने शोधलेले पहिले नवे समूह २००९ मध्ये जाहीर झाले.

मग मोजणी पुरी झाली काय? २०१३ मध्ये प्लांक या युरोपीय उपग्रहाच्या शास्त्रज्ञांनी सावलीवरून निवडलेले १८९ समूह हिशेबात घेतले, आणि आरंभीच्या प्रकाशावरून जेवढे समूह अपेक्षित होते त्याहून ते बरेच कमी भरले. विश्वाविषयीचा सिद्धांतच लंगडा आहे की काय, अशी शंका घेतली गेली. परंतु संशयाचा काटा मुख्यतः तराजूकडे वळला. समूह किती हे ठाऊक असून भागत नाही. प्रत्येकाचे वजन किती हेही ठाऊक असावे लागते, आणि वायूवरून केलेले वजन कमी भरत असावे असे अनेकांना वाटले. समूहाच्या मागे असलेल्या दीर्घिकांचे आकार त्याच्या गुरुत्वाकर्षणाने किंचित वाकडे दिसतात. त्या वाकडेपणावरून वजन करणे अधिक भरवशाचे. अशा वजनांचा आधार घेऊन ईरोसिटाच्या ५,२५९ समूहांचा हिशेब २०२४ मध्ये मांडण्यात आला, तेव्हा तो आरंभीच्या प्रकाशाशी जुळला. सर्वच पाहण्यांचे आकडे आज परस्परांशी मिळतात असे मात्र नाही.

या कामात महाराष्ट्राचाही वाटा आहे. पुण्याजवळ नारायणगावनजीक खोडद येथील विशाल रेडिओ दुर्बिणीने, ४५ मीटर व्यासाच्या तिच्या तीस तबकड्यांनी, समूहांमधून येणाऱ्या रेडिओलहरींचा शोध घेतलेला आहे. परंतु अधिक गाजला तो २०१७ चा शोध. डॉ. जयंत नारळीकर ज्याचे संस्थापक संचालक होते त्या पुण्याच्या आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्रातील, म्हणजे आयुकातील, जयदीप बागची, तेथीलच भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील शिशिर सांख्यायन आणि त्यांचे सहकारी यांनी स्लोन पाहणीच्या एका अरुंद पट्ट्याची माहिती तपासली. पाहणी अमेरिकेतली, दुर्बीण अमेरिकेतली. पण माहिती सर्व जगाला खुली होती. तीत त्यांना समूहांचा समूह, म्हणजे महासमूह, आढळला. निदान ४३ मोठे समूह व गट, पसारा सुमारे साठ कोटी प्रकाशवर्षे, अंतर सुमारे चारशे कोटी प्रकाशवर्षे, आणि वस्तुमान, सूर्य हे माप धरले तर, दोनावर सोळा शून्ये. त्याचे नाव त्यांनी ‘सरस्वती’ ठेवले.

या महासमूहाच्या गाभ्याशी असलेल्या प्रचंड समूहाचे नाव मात्र जुने आहे : एबेल २६३१. साठ वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने काचेवर भिंग धरून नोंदविलेली ती गर्दी खरोखरच एका घरची होती, एवढेच नव्हे तर ते घर एका मोठ्या नगराच्या मध्यभागी होते. सरस्वतीबद्दल एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. तिच्या गाभ्याचा भाग स्वतःच्या वजनाने आत ओढला जात असावा, असे गणित सांगते. सबंध महासमूह मात्र समूहाप्रमाणे एकत्र बांधलेला आहे असे म्हणता येत नाही. म्हणजे चुलीचा प्रश्न तेथेही सुटलेला नाही.

एबेल स्वतः १९८३ मध्ये निवर्तले. दक्षिण आकाशाची त्यांची अपुरी राहिलेली यादी कॉर्विन आणि ओलोविन या सहकाऱ्यांनी पुरी करून १९८९ मध्ये प्रसिद्ध केली, आणि एकूण आकडा ४,०७३ झाला. जुलै २०२३ मध्ये सोडलेली युक्लिड ही अंतराळ दुर्बीण आणि जून २०२५ मध्ये जिची पहिली छायाचित्रे प्रसिद्ध झाली ती चिली देशातील रुबिन वेधशाळा या दोघींच्या कार्यक्रमात समूहांची मोजणी आहे. या पाहण्यांचा पसारा इतका आहे की, माणसाच्या डोळ्याने त्या चाळणे अशक्यच. नियम ठरविणे तेवढे माणसाकडे राहिले आहे.

ज्या शिक्षकांना विद्यार्थ्यांना सरस्वतीची निदान दिशा दाखवावयाची असेल त्यांनी कार्तिकात रात्री आठच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून वर पाहावे. पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदा या नक्षत्रांच्या ताऱ्यांचा मोठा चौकोन माथ्याजवळ असतो. त्याच्या खाली, मीन राशीत, मंद ताऱ्यांचे एक लहानसे कडे आहे. गावातील दिव्यांपासून दूर गेल्यास ते दिसते. एबेल २६३१ त्या कड्याच्या जवळच आहे. डोळ्यांना तेथे काहीही दिसणार नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.